अळी उशिरा कोषात जाते म्हणून काइनेज ‘वाढीसाठी’ लागतो असं लिहावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एका सेरीन-थ्रिओनीन काइनेजच्या (इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकात उत्परिवर्तन असलेला फळमाशीचा स्टॉक, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला वाण, तुम्हाला मिळाला आहे. तो टीएम६बी बॅलन्सरवर सांभाळलेला आहे, म्हणजे उत्परिवर्तित गुणसूत्रासमोर ओळखखूण असलेलं एक खास गुणसूत्र ठेवलेलं आहे. होमोझायगस (दोन्ही प्रती उत्परिवर्तित असलेल्या) अळ्या बॅलन्सरवाल्या भावंडांपेक्षा सुमारे ३ दिवस उशिरा कोषात जातात, बऱ्याचशा कोषातच मरतात आणि ज्या थोड्या माश्या बाहेर पडतात त्या लहानखुऱ्या असतात. यावरून ‘हा काइनेज शरीराची वाढ आणि कोषातलं रूपांतर यांसाठी आवश्यक आहे’ असं प्रबंधात लिहिता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

अजून नाही. तुमचं निरीक्षण चुकीचं आहे असं नाही, पण त्या एका वाक्यात तुम्ही तीन दावे केले आहेत. पहिला, हा सगळा दोष याच जनुकामुळे आहे. दुसरा, जिथे आणि जेव्हा दोष दिसतो तिथेच आणि तेव्हाच जनुक लागतं. तिसरा, लागतं ते त्याचं काइनेज म्हणून असलेलं काम, म्हणजे एटीपीवरचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर बसवणं. तिन्हींचे पुरावे वेगवेगळ्या प्रयोगांतून येतात आणि तुमच्याकडे सध्या तिन्हींपैकी एकाचाही नाही.

‘जनुक काइनेजचं आहे’ एवढ्या माहितीवरून विकासात काय बिघडेल याचा अंदाज बांधता येत नाही. फळमाशीत सुमारे २४० प्रोटीन काइनेज आहेत आणि ते अक्षरशः सगळीकडे राबतात. वार्ट्स गेलं की ऊतक बेसुमार वाढतं. एस६ काइनेज गेलं की माशी लहान राहते. बास्केट गेलं की भ्रूणाच्या पाठीवर दोन्ही बाजूंची त्वचा येऊन मिळतच नाही, पाठ उघडी राहते. आणि सेव्हनलेस गेलं तर डोळ्याच्या प्रत्येक कप्प्यातल्या आठ प्रकाशग्राही पेशींपैकी सातवी तेवढी तयार होत नाही, बाकी माशी ठणठणीत. तीही उडते, खाते, अंडी घालते, फक्त अतिनील दिव्याकडे जायच्या ऐवजी हिरव्याकडे जाते.

बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत: उत्परिवर्तन कशा प्रकारचं आहे, तापमान किती, खाद्य कसं, व्हायलमध्ये (माश्या वाढवायच्या बाटलीत) किती गर्दी. मी २५ अंश सेल्सिअस धरून चालते. त्या तापमानाला अंड्यापासून माशीपर्यंत साधारण १० दिवस लागतात आणि अळी अंडं घातल्यापासून सुमारे ५ दिवसांनी कोषात जाते. १८ अंशांना हाच सगळा काळ जवळजवळ दुप्पट होतो. तेव्हा इनक्युबेटरचा दरवाजा दिवसभर उघडझाप होत असेल तर आधी आत थर्मामीटर ठेवून बघा.

आता तुलनेचं. बॅलन्सरवाली भावंडं उशिराची तुलना करायला चालत नाहीत. बॅलन्सर गुणसूत्र स्वतःच उत्परिवर्तनांनी लादलेलं असतं आणि त्याच्या अळ्यांची वाढ अनेकदा सुस्त असते. म्हणजे तुमचा खरा उशीर ३ दिवसांपेक्षा जास्तही निघू शकेल. तुलना करायची ती ज्या मूळ स्टॉकमधून हे उत्परिवर्तन काढलं त्याच्याशी, किंवा उत्परिवर्तनाची एकच प्रत आणि समोर साधं गुणसूत्र असलेल्या अळ्यांशी. माद्यांना दोन-तीन तासच अंडी घालू द्या. पहिली खेप टाकून द्या, कारण पोटात धरून ठेवलेली जुनी अंडी तीत येतात. अळ्या बाहेर आल्या की प्रत्येक व्हायलमध्ये मोजून ३० सोडा. गर्दीच्या व्हायलमध्ये उपाशी राहिलेल्या कुठल्याही अळ्या उशिरा कोषात जातात आणि लहान राहतात. तुमच्या वर्णनाशी हे किती जुळतं ते बघा!

टीएम६बीचा एक फायदा मात्र पुरेपूर घ्या. त्यावर टबी हे चिन्ह असतं, त्यामुळे बॅलन्सरवाली अळी आखूड आणि जाडसर दिसते, होमोझायगस अळी लांबसडक. खाणं सोडून काचेवर चढलेल्या अळ्या ब्रशने उचलून शेजारी शेजारी ठेवल्या की नवख्यालाही फरक कळतो. दोन बॅलन्सर प्रती मिळालेले जीव लवकरच मरतात, म्हणून उरलेल्यांत लांब अळ्या एकतृतीयांश असायला हव्यात. समजा ३०० अळ्यांत ९८ लांब आहेत, पण बाहेर आलेल्या माश्यांत दर २५ जणींमागे बॅलन्सर नसलेली एकच. मग मृत्यू अळी ते माशी या टप्प्यातला. अळ्यांतच ४० निघाल्या, तर बऱ्याचशा आधीच गेल्या आणि तुम्ही वाचलेल्यांचंच वर्णन करत बसला आहात. अंड्यांच्या पातळीवर बघायचं तर न उबलेली अंडी दीड-दोन दिवसांनी तपासा. तपकिरी झालेलं अंडं म्हणजे आत भ्रूण वाढून मेला, पांढरंच राहिलेलं बहुधा फळलंच नव्हतं.

पुढचं मी स्वतःची फजिती सांगून मांडते. उमेदवारीच्या काळात माझ्याकडे पी-एलिमेंट (गुणसूत्रावर जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) घुसून बिघडलेल्या एका काइनेज जनुकाचा स्टॉक होता. होमोझायगस अळ्या दुसऱ्या अवस्थेत मरायच्या. मी आठ महिने त्यांचे मेंदू काढले, रंगवले, फोटो जमवले. मग कोणीतरी सहज विचारलं, ‘डिफिशियन्सीवर टाकून बघितलंस का?’ डिफिशियन्सी म्हणजे तो भागच कापून काढलेलं गुणसूत्र; उत्परिवर्तनासमोर ते ठेवायचं. नव्हतं बघितलं. टाकलं, आणि पंधरवड्यात व्हायल भरून धडधाकट माश्या बाहेर आल्या. अळ्या मारणारं उत्परिवर्तन त्याच गुणसूत्रावर होतं, पण पार दुसऱ्या टोकाला. बॅलन्सर पुनर्संयोजन, म्हणजे जोडीच्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल, रोखतो म्हणूनच आपण तो वापरतो, पण त्यामुळे त्या गुणसूत्रावर जे काही चिकटेल तेही पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतं.

म्हणून पहिला क्रॉस हाच: तुमचं उत्परिवर्तन, समोर त्या जनुकाचा भाग कापून काढलेली डिफिशियन्सी. उशीर, कोषातलं मरण आणि लहान आकार या तिन्ही गोष्टी तिथे दिसतात का, हे वेगवेगळं नोंदवा. कधी कधी तीनपैकी दोनच टिकतात, तिसरी पाहुणी असते. याच क्रॉसमधून आणखी एक उत्तर फुकट मिळतं. हर्मन मुलरने १९३२ मध्ये मांडलेली ही कसोटी आजही तितकीच कामाची आहे. होमोझायगस आणि डिफिशियन्सीवरची माशी सारखीच आजारी असेल तर जनुकाचं काम बहुधा पूर्ण गेलेलं आहे. डिफिशियन्सीवर परिस्थिती आणखी बिघडत असेल तर तुमच्या उत्परिवर्तनात थोडं काम शिल्लक आहे. तुमच्या काही माश्या बाहेर येतात यावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते, पण त्याला दुसरंही एक कारण असू शकतं. ते आईकडे आहे.

इथेच सगळ्यात जास्त लोक घसरतात, म्हणून जरा थांबते. फळमाशीचं अंडं रिकामं नसतं. आई त्यात आरएनए आणि प्रथिनं भरून पाठवते. भ्रूणाची केंद्रकं पहिल्या १३ वेळा विभागतात ती जवळजवळ पूर्णपणे या शिदोरीवर, आणि तेही दोनेक तासांत. तुमच्या होमोझायगस अळीची आई हेटेरोझायगस होती, म्हणजे तिच्याकडे एक खराब आणि एक चांगली प्रत होती. म्हणजे अळीच्या स्वतःच्या दोन्ही प्रती खराब असल्या तरी तिला काही काळ आईचा काइनेज पुरतो. तो कधी संपतो, यावर ती कधी मरते हे ठरतं. मरण्याची वेळ म्हणजे गरज लागण्याची वेळ, असं समीकरण मांडता येत नाही.

यात आणखी एक गंमत आहे. अळीचं बहुतेक शरीर पेशी विभागून वाढत नाही. आतडं, लाळग्रंथी, चरबी, त्वचा या पेशी डीएनएच्या प्रती करत करत फुगत जातात, विभागत नाहीत. नियमित विभागतात त्या मुख्यतः मेंदूतल्या मूळ पेशी आणि इमॅजिनल डिस्क, म्हणजे पुढे पंख, पाय, डोळे होणाऱ्या पेशींच्या चकत्या. आता समजा एखादा काइनेज पेशीविभाजनासाठीच लागतो, पोलो किंवा ऑरोरासारखा. आईच्या शिदोरीवर भ्रूण पार पडतो, अळी विभाजनाशिवाय फुगत राहते, चांगली गुबगुबीत दिसते. डिस्क मात्र वाढत नाहीत. कोषात गेल्यावर अळीचं शरीर मोडून डिस्कमधून माशी घडवायची वेळ येते, तेव्हा घडवायला काही नसतं. मरण कोषाच्या उंबरठ्यावर, पण बिघाड कित्येक दिवस आधीचा. कोषात मरणाऱ्या माश्या दिसल्या की मी पहिल्यांदा हीच शंका घेते. शंका फेडायला फार लागत नाही. तिसऱ्या अवस्थेतली अळी सलाइनमध्ये उलटी करा, मोज्यासारखी, आणि डिस्क आहेत का, केवढ्या आहेत ते बघा. एका दुपारचं काम आहे.

आईच्या शिदोरीचं दुसरं टोक म्हणजे टोरसो. हाही काइनेजच, पण पेशीच्या आवरणातला टायरोसिन काइनेज. टोरसो नसलेली माशी मोठी होते, अंडी घालते, आणि तिच्या पिल्लांना डोक्याचं टोक आणि शेपटीकडचा भाग नसतो. १९८९ मध्ये हे जनुक क्लोन झालं आणि तेव्हापासून ते ‘भ्रूणाची टोकं ठरवणारं’ म्हणूनच ओळखलं जायचं. मग २००९ मध्ये कळलं की हाच टोरसो अळीच्या प्रोथोरॅसिक ग्रंथीत मेंदूकडून आलेला पीटीटीएच हा संदेश पकडतो आणि ग्रंथीला एक्डायसोन हे कोषात जायला लावणारं संप्रेरक बनवायला लावतो. तो तिथे नसेल तर अळी कित्येक दिवस उशिरा कोषात जाते. एकच जनुक, दोन अगदी वेगळी कामं. तुमच्या जनुकालाही दोन कामं असतील तर ‘वाढ आणि रूपांतर’ असं एका सुरात लिहून ती झाकली जातील.

टोरसोचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. त्याच्या अळ्या उशिरा कोषात जातात, पण लहान राहत नाहीत. त्या खातच राहतात आणि मोठ्या होतात. उशीर आणि आकार यांची जोडी बघायला हवी ती यासाठी. उशीर आणि मोठा आकार असेल तर वाढ ठीक आहे, थांबण्याचा निरोप उशिरा येतो आहे. उशीर आणि लहान आकार, म्हणजे तुमच्यासारखं, असेल तर वाढीचा वेगच कमी असण्याची शक्यता जास्त. अळीला कोषात जाण्यासाठी किमान वजन गाठावं लागतं आणि ती तिथे रखडत पोचते. आहारानुसार वाढीचा वेग ठरवणाऱ्या इन्शुलिन आणि टॉरच्या साखळीत हे दिसतं, आणि ती साखळी जवळजवळ सगळी काइनेजचीच आहे. तिसरी शक्यता आजारी डिस्कची. डिस्क जखमी असतील किंवा नीट वाढत नसतील तर त्या डीआयएलपी८ नावाचं प्रथिन सोडतात आणि मेंदूला जणू सांगतात की थांब, आम्ही तयार नाही. हे २०१२ मध्ये सापडलं. त्यामुळे डिस्क बघायचा वर सांगितलेला प्रयोग इथेही उपयोगी पडतो.

वजन घेताना नर-मादी वेगळे करा, नाहीतर सरासरीला अर्थ नाही, माद्या मुळात मोठ्या असतात. तिसऱ्या अवस्थेतल्या नर अळीच्या कडेला, मागच्या तृतीयांशात, चरबीच्या पांढुरक्या थरात एक पारदर्शक लंबगोल ठिपका दिसतो. तो वृषण. दहा-दहाच्या गटाने वजन केलं की साधा प्रयोगशाळेचा काटाही पुरतो. अळी खाते तरी का, हेही तपासा. यीस्टच्या लगद्यात निळा खाद्यरंग घालून अर्ध्या तासाने बघा, आतडं निळं दिसायला हवं. जबड्याच्या स्नायूत किंवा नसांमध्ये दोष असेल तर अळी उपाशी राहते, आणि उपाशी अळी हुबेहूब इन्शुलिनच्या उत्परिवर्तनासारखी दिसते.

ज्या थोड्या माश्या बाहेर येतात त्यांचे पंख फेकू नका. पंखाच्या प्रत्येक पेशीतून एकच बारीक केस उगवतो, म्हणून केस मोजले की पेशी मोजल्या. पंख काचपट्टीवर सपाट बसवा, फोकस एकाच पृष्ठभागावर ठेवा (पंखाला दोन थर असतात, दोन्हींचे केस एकदम मोजले की आकडा बिघडतो) आणि दर वेळी त्याच दोन शिरांमधला तेवढाच चौकोन घ्या. पंखाचं क्षेत्रफळ २० टक्के कमी आणि केसांची दाटी २५ टक्के जास्त निघाली, तर पेशींची संख्या तेवढीच आहे, पेशी लहान आहेत. दाटी तीच असेल तर पेशी कमी आहेत. १९९९ मध्ये एस६ काइनेजबद्दल नेमकं पहिलं दिसलं: माशी लहान, पेशी लहान, संख्या जवळजवळ तीच.

तरीही प्रश्न उरतो की काइनेज पंखातच लागतो का. अळीची चरबी, ज्याला आपण फॅट बॉडी म्हणतो, आहाराची खबर ठेवते आणि सगळ्या शरीराची वाढ आवळू किंवा सोडू शकते. तिथला बिघाड पंखात दिसेल. याचं उत्तर क्लोन देतात. एफएलपी-एफआरटीने (ठरलेल्या जागी गुणसूत्रांची अदलाबदल घडवणाऱ्या तंत्राने) हेटेरोझायगस माशीत उत्परिवर्तित पेशींचा छोटा पट्टा तयार करा. त्याच विभाजनातून जन्मलेला निरोगी जुळा पट्टा शेजारी असतो, दोघांची तुलना करा. उत्परिवर्तित पट्टा निरोगी माशीतही लहान राहिला तर दोष त्या पेशींचा स्वतःचा. जुळ्याइतकाच वाढला तर काइनेज दुसरीकडे कुठेतरी काम करतो आहे. सेव्हनलेसचं उत्तर असंच मिळालं: ते सातव्या पेशीतच लागतं. पण त्याला चालना देणारं प्रथिन शेजारच्या आठव्या पेशीत असतं. ते नसलं तरी सातवीच गायब होते, आठवी मात्र जागेवर असते. (त्या प्रथिनाला ‘सेव्हनलेसची वधू’ असं नाव दिलं गेलं आणि साखळीतल्या पुढच्या एकाला ‘सेव्हनलेसचा मुलगा’. माशीवाल्यांची विनोदबुद्धी.)

क्लोनला वेळ लागणार असेल तर आरएनएआय, म्हणजे जनुकाचा आरएनए नष्ट करून ते दाबणं, आधी करा. ते कुठल्या ऊतकात दाबायचं हे गॅल४ ओळ ठरवते: प्रोथोरॅसिक ग्रंथीत फँटम-गॅल४, पंखाच्या डिस्कमध्ये नबिन-गॅल४, फॅट बॉडीत सीजी-गॅल४. किमान दोन वेगवेगळ्या आरएनएआय ओळी घ्या. गॅल४ तापमानावर चालतो, २९ अंशांना जोरात आणि १८ ला मंद, आणि तापमान तर विकासाचा वेगही बदलतं. त्यामुळे उशीर मोजताना तुलनेच्या माश्या त्याच तापमानाला हव्यात. ग्रंथीत जनुक दाबल्यावर उशीर आला तर त्या अळ्यांना यीस्टमध्ये २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन (एक्डायसोनचं सक्रिय रूप) देऊन बघा. त्या वेळेवर कोषात गेल्या तर ग्रंथीचा मुद्दा पक्का.

राहिला तिसरा दावा, काइनेजचं काम. हा सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त गृहीत धरला जातो. काइनेज प्रथिन फक्त फॉस्फेट लावत नाही, ते इतर प्रथिनांना धरूनही ठेवतं. म्हणून चांगलं जनुक परत घालून माश्या बऱ्या होतात का हे बघताना, शेजारी दुसरी ओळ हवी: तेच जनुक, गुणसूत्रावर त्याच attP जागेवर (बाहेरचं जनुक घालायच्या ठरलेल्या जागेवर) घातलेलं, पण एटीपी धरून ठेवायला मदत करणारं लायसिन बदलून मृत केलेलं. पहिलं वाचवतं आणि दुसरं वाचवत नाही, शिवाय दोन्ही प्रथिनं सारख्या प्रमाणात बनतात हे ब्लॉटवर (प्रथिनाचं प्रमाण दाखवणाऱ्या चाचणीत) दिसतं, तेव्हा म्हणा की फॉस्फेट लावणंच महत्त्वाचं. मृत काइनेज घातल्यावर माश्या आणखी बिघडल्या तर घाबरू नका. ते प्रथिन जोडीदारांना अडवून बसतं, हे काइनेजच्या बाबतीत वरचेवर होतं. यासाठीच तुमचं उत्परिवर्तन नेमकं कुठे आहे ते सीक्वेन्स करून घ्या. जनुक मध्येच तुटलं असेल तर एक अर्थ, एकच अमिनो आम्ल बदललं असेल तर दुसरा. एका अमिनो आम्लाने काइनेज बेलगामही होतो. रोल्ड या काइनेजचा ‘सेव्हनमेकर’ हा उत्परिवर्तित प्रकार त्यातलाच, त्यात सातव्या प्रकारच्या पेशी जास्तीच्या तयार होतात. बेलगाम काइनेज असेल तर डिफिशियन्सीची वरची कसोटी वेगळ्या पद्धतीने वाचावी लागते.

तुमच्या जागी मी असते तर या आठवड्यात डिफिशियन्सीचा क्रॉस लावला असता, आणि तो उबेपर्यंत मोजून ३० अळ्यांच्या व्हायली, निळं यीस्ट, डिस्क आणि पंखांचे केस एवढं उरकलं असतं. क्लोन आणि बचावाच्या ओळी त्या निकालांवर ठरवा. डिफिशियन्सीवर तिन्ही दोष नाहीसे झाले तर त्या दोन्हींची गरजच उरणार नाही.

प्रबंधाचा मसुदा आत्ताच द्यायचा असेल तर तुमच्या हातात जेवढं आहे त्यावर एवढंच वाक्य टिकेल: ‘या गुणसूत्रासाठी होमोझायगस असलेल्या अळ्या टीएम६बीवाल्या भावंडांपेक्षा सुमारे ३ दिवस उशिरा कोषात जातात; बहुतेक कोषात मरतात, वाचलेल्या माश्या लहान असतात.’ ‘गुणसूत्रासाठी’ हा शब्द तसाच ठेवा. डिफिशियन्सीचा निकाल आला की तो खोडून ‘जनुकासाठी’ लिहा, आणि आकडे इथे टाका, पुढचं बघू.